साठपर्यंत

उपकेंद्राचं घड्याळ पोळ्यापासून बंद आहे,
म्हणून मोजायचं काम माझ्याकडे.
सिस्टर बाटलीत बोळा बुडवते.
पंचफुला वास घेते, म्हणते,
"हे तं बजारातल्या चायनीजच्या गाडीवरचं पानी होय."
आम्ही तिघी हसतो.
टेबलावर पाय वर घेऊन हसणं सोपं नाही.

"लावलं. एक मिनिट. मोजा, आशाताई."

एक, दोन, तीन.
सकाळी अंगणवाडीच्या ओट्यावर मीच भरला हिचा फॉर्म.
लग्नाच्या वेळी वय?
"न्हान आलं तवा पऱ्हाटी टोबायची घाई होती,
येचनं झाल्यावर लगन."
मी हिशेब केला, चौदा लिहिलं.
खोडलं, अठरा लिहिलं, सवयीने.
मग अठराही खोडलं.

नऊ, दहा.
बाळंतपणं पाच.
जगलेली किती, हे विचारलेलं नाही.
तंबाखू? तिने कमरेची डबी काढून दाखवली,
"दात ठनकते म्हनून."
निरोध?
मी दिलेल्या पाकिटांचे पोट्ट्यांनी फुगे केले होते,
शाळेच्या कुंपणाला आठ दिवस लटकत होते,
त्यांचं ती काय सांगणार आणि मी काय लिहिणार.

तेवीस, चोवीस.
किती पुरुषांशी संबंध?
हा प्रश्न मी नेहमी खाली बघून वाचते.
तिनेही माझ्याकडे नाही, कागदाकडे पाहिलं.
"एक. ठळक लिवा.
अन् त्याच्या खाली त्याले इचारा, त्याचे किती.
बोरच्या गाडीवर राह्यते तो,
आठ महिने छत्तीसगड, तिकून आंध्र.
जमिनीले कुठं कुठं भोकं पाडले
ते मालकाच्या वहीत असते सारं.
बाकीचं कोनाच्या वहीत?"

खाली रकाना नव्हता.
खाली फक्त सही की अंगठा.

किती झाले होते?
"एकतीस," सिस्टर म्हणते.

बत्तीस.
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
हा विषाणू दुखत नाही, खाजत नाही,
बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत
पाव्हण्यासारखा आपणच निघून जातो.
काहींकडे मुक्काम करतो.
कोणाकडे, त्याची यादी दिली होती:
लवकर लग्न, जास्त लेकरं, तंबाखू,
अंगात ताकद नसणं.
यादीवरून बोट फिरवताना
मला सासू दिसली, मग थोरली बहीण,
मग चहा आला.

अडतीस.
हे हिचं वय. इथे मी उगाच थांबते.

पंचेचाळीस.
बाहेर पानठेल्यावर कोणी खर्रा घोटतोय,
पन्नीवर पन्नी, घास घास,
एक्कावन्न, बावन्न,
त्या आवाजात आकडे घसरतात.

साठ.

सिस्टर बॅटरी धरते, वाकते.
तिच्या पाठीवरून काही कळत नाही.
"पांढरं झालंय. थोडंसं. नखाएवढं."
"बोंडावानी?" पंचफुला विचारते,
"वरून हिरवं, आत अळी?"
"अळी नाही. अजून नाही.
यवतमाळला दाखवावं लागेल. गोठवून जाळतात तेवढं,
संध्याकाळच्या गाडीने घरी."
"गोठवून जायतेत?" तिला हे काही पटत नाही.
पातळ सारखं करत खाली उतरते.
"अन् त्याले काय लावतेत?"
"पुरुषांना काही लावत नाहीत."

बराच वेळ नुसता खर्रा घोटल्याचा आवाज.

मग सिस्टर नवा बोळा घेते.
"तुम्हीही चढा, ताई. किती दिवस फॉर्म पर्समध्ये ठेवणार?"
माझा फॉर्म. घडीवर घडी पडलेला, कोरा.
मी म्हणते, मोजेल कोण?

पंचफुला स्टूल ओढते, डबी कमरेला खोचते.
"मले इसापर्यंतच येते.
तीन खेप मोजतो."

छताला एक जाळं आहे, कोळी नाही.
पाण्यासारखं थंड काही आत लागतं.
"हं," ती कानाशी वाकून म्हणते,
"लग्नाच्या येळी वय?
सांग व.
एक."