आयत्या वेळचे विषय

मनामा. बुधवार. सभा सकाळी सातला,
कारण नऊनंतर छताचे वासेसुद्धा घामेजतात.
हजर आठ, गैरहजर दोन,
एक बोटीने कराचीला गेलेला:
त्याला गैरहजर म्हणायचं नाही, रजेवर म्हणायचं,
असा मागच्या वेळचा ठराव.

मी टेबलाच्या टोकाला. दिगंबर मोरेश्वर टिपणीस,
आडनावातच नोकरी घेऊन जन्मलेला,
दरमहा पंचाऐंशी रुपये, घरी जायचं तिकीट तीन वर्षांतून एकदा.
मंडळी अरबीत बोलतात, फारसीत भांडतात,
गुजरातीत हिशेब पुटपुटतात,
दुभाषा त्याचं हिंदुस्थानी करतो, मी इंग्रजी,
आणि या वाटेत कुठेतरी
प्रत्येक शिवीची 'नापसंती' होते.

विषय एक. मागील इतिवृत्त वाचून कायम.
कुणी ऐकलं नाही. कायम झालं.

विषय दोन. गोडं पाणी वाहणाऱ्या गाढवांवर दरमहा चार आणे.
हाजी मुबारक म्हणाले, गाढव पाणी पीत नाही, वाहतं;
कर पिणाऱ्यावर बसवा.
मेजरसाहेबांनी ते दोनदा समजून घेतलं, मग हसले.
मग सगळे हसले.
चार आणे मंजूर.

विषय तीन. रॉकेलचे दिवे, नग सव्वीस.
मिर्झा लारींना एक दारासमोर हवा,
ठाकरसी शेठना दोन, पण दारासमोर नकोत, वखारीपाशी.
झापांच्या झोपड्यांना आग लागते म्हणून तिकडे एकही नाही.

विषय चार. भटकी कुत्री. पाऊण तास.

साहेबांनी घड्याळ काढलं. आयत्या वेळचे काही?

दारात एक पोरगा उभा होता.
शिपायाने त्याला अडवलं नव्हतं, की अडवूनही तो आत आला होता,
मला दिसलं नाही; मी कुत्र्यांची आकडेवारी लिहीत होतो.
सोळा वर्षांचा असेल. नाकावर चिमट्याचा वण.
म्हणाला, बाप जुमा, गेल्या हंगामात
बारा वाव पाण्यात गेला, वर आला नाही.
त्याचं देणं वर आलं. तीनशे सत्तर.
नाखवाच्या वहीत आता माझ्या नावावर आहे.
(नाखवा हा शब्द मला दुभाष्याच्या आधी कळला.
आमच्या रेवदंड्यातही तोच.)
मला वाचता येत नाही, तो म्हणाला,
तुम्हाला येतं. म्हणून आलो.

हाजी मुबारक जपमाळेचे मणी मोजत होते.
नाखवाला उचल त्यांचीच.
दुभाष्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे.
पाणबुड्यांचे तंटे मंगळवारी, दुसऱ्या कचेरीत.
पोरगा म्हणाला, गलबतं सोमवारी निघतात.
याचं भाषांतर कुणी केलं नाही.
गरज नव्हती. सगळ्यांना कळलं होतं.

मी लिहिलं: आयत्या वेळचे विषय, नाहीत.
सभा आठ पंचावन्नला बरखास्त.

संध्याकाळी तीन प्रती. एक एजन्सीला, एक बुशहरला,
एक दफ्तरी, कार्बनखालची, पुसट.
त्या पुसट प्रतीच्या पाठीवर मी मोडीत लिहिलं:
जुमाचा मुलगा. बारा वाव. रुपये तीनशे सत्तर.
नाव विचारायचं राहिलं.
या बेटावर मोडी वाचणारा मी एकटा.
म्हणून तर लिहायचं धाडस झालं,
आणि म्हणूनच ते धाडस नव्हे.
वडील सांगत, मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो.
मला तर सभेतही
हात उचलायचा अधिकार नाही, हे मी स्वतःला
त्या रात्री बऱ्याच वेळा सांगितलं.

पुढचा बुधवार. बंदर रिकामं,
खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं.
विषय एक. मी मागील इतिवृत्त वाचलं.
'नाहीत' या शब्दाशी थोडा खोकलो.
कुणी हरकत घेतली नाही.
बाहेर पाणक्याचं गाढव उभं होतं,
गळ्यात पितळेचा नवा बिल्ला,
त्यावर क्रमांक, इंग्रजीत आणि अरबीत,
दोन्ही माझ्याच यादीतले.