नवतपा, मजला चौथा

नवतपाचा तिसरा दिवस. नंदनवनातली खोली,
खिडकीला ओलं पोतं, कूलरच्या वाळ्याचा वास
आणि बर्डीवरून आणलेल्या जुनाट मॉनिटरवर
सहा रिकाम्या चौकटी.
तीन पुढं. तीन मागं.
तळघर एकोणीस मजली, उलटं, खाली उगवलेलं.

सुगत म्हणाला, मी पुढं. कुऱ्हाडवाला.
वजन तेव्हा सेहेचाळीस किलो त्याचं,
इंदोऱ्याहून सायकल हाणत यायचा
खिशात आईनं घातलेला कांदा घेऊन.
इर्शाद म्हणाला, मीबी पुढं, ढाल नको, दोन तलवारी.
प्रणय ढाकाटे म्हणाला, पुढंच.
मीही तेच म्हणणार होतो, रांग भरली.
मागच्या तिघांना नावंसुद्धा दिली नाहीत,
क, ख, ग.

पहिल्याच मजल्यावर उंदरांनी खाल्लं आम्हाला.
दुसऱ्या खेपेलाही
उंदरांनीच.

मेडिकलमधून नाईट करून आलेली ज्योत्स्नाताई
कूलरच्या वाऱ्यात भिंतीकडं तोंड करून झोपलेली.
तशीच, न वळता, म्हणाली,
मलमपट्टीवाला कोण आहे बे तुमच्यात?
कोणीच नाही.
मग वॉर्ड कसा चालते?

ताई, तूच हो ना वैद्य, तुला येते.
तेव्हा उठून बसली. केस बांधले.
बारा तास तेच करून आली मी.
तुमच्या भुयारात तरी कुलपं फोडू द्या मले.

असा आमच्या टोळीला चोर मिळाला.
नावाला आठच घरं होती,
ज्योत्स्नाचं स्पेलिंग घालून एक उरलं.
प्रणयला मागं ओढला, मंत्र दिले,
दोन मंत्रांत दमायचा आणि वाटेतच झोपायचा.
पुढच्या तिसऱ्याला नाव सुचेना
तर इर्शादनं ठेवलं, कूलर.
जाडजूड, ढालवाला, घाव खाणारा.
खरा कूलर तेवढ्यात खडखडला, सगळे हसलो.
वैद्य माझ्या वाट्याला आला,
लग्नात चपलांपाशी बसणं कोणाच्या तरी वाट्याला येतंच, तसा.

मला राक्षस दिसलेच नाहीत त्यानंतर.
लोक सांगतात त्याचे दात, त्याचे डोळे,
मी आकडे पाहत होतो:
सुगत बावीस,
सुगत चौदा,
सुगत पाच.
माझ्याकडं तीनच वेळा पुरेल एवढी दया
आणि पलीकडं कूलर, मुकाट, एकावर.
कोणाला देऊ, हे विचारायला मी मागं वळलो,
ताई आलेखवहीत नकाशा काढत होती,
जीभ दातांत धरून.

चौथ्या मजल्यावर पेटी.
सगळे म्हणाले, सोड. ती म्हणाली, थांबा ना.
कुलपात सुई होती.
चौकट राखाडी झाली, आकड्याच्या जागी शून्य.

गावात देऊळ होतं, तिथं जिवंत करून देत.
आठशे मोहरा. आमच्याकडं तीनशे बारा.
इथंही आधी डिपॉझिट? ताई म्हणाली.
या वेळी कोणी हसलं नाही.
इर्शादनं न बोलता एक तलवार विकली.
मग दुसरी.
प्रणयनं अंगरखा. तरी शंभर कमी.
सुगतनं खिशातला कांदा काढून
कीबोर्डशेजारी ठेवला.

आणि लाईन गेली.

कूलरची पाती गरगरत गरगरत थांबली,
लगेच मानेवरून घाम.
बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही
की शेवटचं सेव्ह तिसऱ्या मजल्यावरचं,
पेटीच्या आधीचं.
म्हणजे तलवारी इर्शादपाशीच,
अंगरखा प्रणयच्या अंगावर,
आणि ताई
कुठंतरी जिन्याजवळ, सत्तावीस आकड्यांची, धडधाकट.

बोर्डाचे उपकार, ती म्हणाली, पुन्हा आडवी झाली.
सहाला उठवा, आठला ड्युटी आहे.
आम्ही वहीनं वारा घालत बसलो, नकाशाच्याच.
झोप लागली असेल असं वाटलं तेव्हा
भिंतीकडूनच आवाज आला:
पण त्या पेटीत होतं काय रे?