फट

नायरच्या ओपीडीत उभं करूनच काढला एक्स-रे.
आडवं झालं की गुडघा खोटं बोलतो म्हणे.
डॉक्टरीणबाईंनी फिल्म खिडकीला धरली:
"इथे फट हवी, गंगाराम. उजवीकडे उरलीच नाही."

मला फटीचं शिकवताय?
तेहेतीस वर्षं लाद्या बसवल्या, ताडदेवपासून मुलुंडपर्यंत,
दोन लाद्यांमध्ये काडेपेटीची काडी ठेवून.
फट नसली तर उन्हाळ्यात लादी उठते,
मालक शिव्या देतो.

ते सगळं गुडघ्यांवर बसून.

रक्तात काही नाही. झीज आहे.
सिमेंट भरावं तशी भरता येत नाही.
बदलायचा का मग?
"आत्ताच नको. आधी मांडी मजबूत करा,
सात किलो उतरवा, उकिडवं बसू नका,
काठी डाव्या हातात."
दुखतो तर उजवा.
"म्हणूनच."

आता पहाटे टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली,
दाबून दहा मोजतो, सोडतो.
आकडा चुकला की शेवंता चहा गाळता गाळता हसते.

परवा सायटीवर गेलो, पुतण्याचं काम बघायला.
लाद्या सरळ, फटी सारख्या.
फक्त पोराच्या गुडघ्यांखाली काही नव्हतं.

काठी टेकत टेकत
मी सगळ्या मजल्यावर गोणपाट शोधत फिरलो.