डिकीत काच आहे

भितरवारच्या सरकारी शाळेला
चाळीस परीक्षानळ्या, सहा ब्युरेट,
एक गोल बुडाचा चंबू पोचवायचा होता,
आणि डबरा ओलांडता ओलांडता पुन्हा दिसला
तो पिवळा दिवा.
इंजिनाचं चित्र म्हणे. मला कायम नळाची तोटी वाटते.

जानेवारीत मी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.
मे महिन्यात तिचा गोंद वितळला.
ग्वाल्हेरच्या उन्हात कुठलीच झाकपाक टिकत नाही.

गाडी दोन हजार सातची, माझ्याकडे तिसऱ्या हाती आलेली.
शॉकर गेल्याचं मला काचेनं सांगितलं:
आधी बीकर बोलायचे, मोठ्या ब्रेकरवर,
मग मोजपात्रं, साध्या खड्ड्यात,
शेवटी रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे आले तरी
ब्युरेटा कुजबुजू लागल्या.
सत्तावीस वर्षं काच विकतोय.
कुठली तडकली ते गाडी न थांबवता कळतं,
फक्त पैसे कुणाकडे मागायचे ते कळत नाही.

सिटी सेंटरच्या एसी वर्कशॉपमधल्या पोरानं
स्टिअरिंगखाली एक खुंटी खुपसली,
फोनवर आकडा वाचला, म्हणाला, ऑक्सिजन सेन्सर.
बत्तीसशे रुपये.
दिवा गेला. चार दिवस मी
दुचाकीवाल्यांनाही वाट देत होतो.
पाचव्या दिवशी, दतियाच्या अलीकडे, तोटी परत.

मग गोल पहाडियाला अच्छन मिस्त्री.
बॉनेट उघडून त्यानं आधी नुसतं ऐकलं,
डोळे मिटून, बनियनला हात पुसत.
"बाऊजी, सेंसर झूठ नहीं बोल रहा था.
ये कहीं से हवा पी रही है."
पोराला पाठवून उदबत्ती आणवली.
पेट्रोलच्या नळीपासून लांब धरून
तो धूर फिरवू लागला, इकडून तिकडे,
जणू शनिवारची पूजाच चाललीय इंजिनाची,
आणि एका जागी, काळ्या रबरी नळीच्या वाकणात,
धूर सरळ वर जायचा तो
वळला
आणि आत गेला.

करंगळीएवढी नळी. तिच्यावर केसाएवढी चीर.
एकशे ऐंशी रुपये, उदबत्ती धरून.

शॉकरचा खर्च मात्र मी घरी सांगितला नाही,
कुमुदनं खिशातली पावती वाचली.
पुढे गॅसवाले दोन, मागे जाड तारेच्या स्प्रिंगा,
बुश, लिंक रॉड, मजुरी: चौदा हजार सहाशे.
"चार आण्याची कोंबडी," ती म्हणाली,
आणि बारा आण्याचा मसाला माझ्यावर सोडून
कणीक मळायला गेली.
जेवताना म्हणाली, भितरवारला मीही येते एकदा.
लग्नानंतर ती त्या रस्त्याला पहिल्यांदाच येत होती.

निघालो. लक्ष्मीगंजचा ब्रेकर गेला. रेल्वेफाटक गेलं.
मागून काहीच आवाज नाही.
डबऱ्याच्या आधी मी गाडी कडेला घेतली,
उतरून डिकी उघडली.
काच होती. पेंढ्यात, जागच्या जागी, सगळी.
"काय विसरलात?" कुमुदनं विचारलं.
कसं सांगू, इतक्या वर्षांची सोबत
अशी एकदम गप्प झाली की
माणूस खाली उतरून बघतोच.

एक शंका अजून होती.
जुन्या गाड्यांचे दलाल त्या दिव्याचा बल्बच काढून टाकतात,
हे मला ठाऊक आहे. अच्छननं तसं तर नाही केलं?
म्हणून आता रोज सकाळी किल्ली अर्धीच फिरवतो.
सगळे दिवे एकदम उजळतात: बॅटरी, तेल, तोटी.
मी एक, दोन, तीन मोजतो.
मग तोटी विझते.

म्हणजे वाचा आहे तिला.
सध्या काही म्हणणं नाही, इतकंच.