बसणे

'बसणं' हा शब्द त्यांना मी शिकवला.
पहिल्या सेमिस्टरला, अल नहदाच्या कॅफेटेरियाबाहेर,
कडक चहाचे कागदी पेले
वकासच्या भावाच्या गाडीच्या टपावर ठेवून.
जोबिननं विचारलं, बसणं म्हणजे सिटिंग ना?
म्हटलं, नाही रे. बसणं म्हणजे बसणं.

शारजात दारू मिळत नाही.
शब्दाची मात्र कोणी झडती घेत नाही.

मग रोजचंच झालं.
काल बसलास? किती?
चार.
चार काय, हे कोणी विचारायचं नाही.
इंद्रनील ब्रँडची नावं घ्यायचा
परवचा म्हणावा तशी, न अडखळता.
वकासला अजमानचं एक दुकान माहीत होतं,
समुद्राकडे तोंड, पाटी नाही,
आत गेला होता का, ते कधी निघालं नाही.
मीही सांगून टाकलं,
संगमनेरला मावसभावाच्या लग्नात तीन, कोऱ्या.
प्यायलो होतो उसाचा रस.
बर्फ नव्हता, एवढंच खरं.

प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे पुढे गेलेत.
मागे राहिलेला माणूस
आकडा वाढवून सांगतो.
आणि तो ऐकून दुसरा मागे राहतो.

मार्चमध्ये बाटली आली.
टॉवेलात गुंडाळलेली, लॅबच्या ॲप्रनखाली.
जोबिनचे आईवडील कोट्टायमला गेले होते.
नवव्या मजल्यावर पडदे ओढून घेतले,
चहाचेच पेले काढले,
आणि कोणालाच मोजता येईना.
चार म्हणजे किती?
इंद्रनीलनं लेबल मोठ्यानं वाचलं, दोनदा.
कोणी हसलं नाही.
मागे फिरायला वाट होती,
पण तोंडानं आधीच
इतकं अंतर कापलं होतं.
आपण शब्दाला जागणारी माणसं.
मी माझ्या तिनांना जागलो.
पहाटे न्हाणीघराच्या फरशीवर
गाल टेकवून पडलो होतो, ती गार होती,
ते बरं वाटलं.

आता दर गुरुवारी बसतो.
आता कोणी आकडे सांगत नाही.
बोलणंच फारसं होत नाही खरं तर.

बाबा रुवैसच्या कॅम्पमधून
एक गुरुवार सोडून येतात.
बूट काढायच्या आधी सोफ्यावर टेकतात,
शेजारची जागा थोपटतात.
ये रे, बस जरा.
आलो, म्हणतो मी दारातूनच,
आणि तोंडातली बडीशेप
चावत राहतो.