दूरचा भूतकाळ

ॲबरडीनचा दगड ओला झाला की चमकतो.
प्राध्यापक ब्रेस्सान ओला झाला की नुसता खोकायचा.
वर्गात आम्ही सात जण. शेगडीजवळचं बाक
मासळीबाजारातल्या पोरीसाठी नसतं, हे मला ठाऊक होतं.
त्यानं पहिल्याच दिवशी तिथं बसवलं.
"तुझ्या हातांना गारठा जास्त," एवढंच.

फळ्यावर कुणीतरी इटालियनमध्ये लिहून ठेवायचं: सही केलीस.
तो वाचायचा,
एकदा गाळलेलं अक्षरही भरलं त्यानं,
मग पुसायचा.

सही केलीच होती. एकतीस साली,
शपथेच्या कागदावर,
घरात क्षयानं खंगलेली बायको, शाई सरकारी.
सात वर्षांनी त्याच हातानं त्याच सरकारविरुद्ध लिहिलं
आणि बायकोला पुरून रातोरात निघाला.
युनियनची पोरं त्याला काळा सदरा म्हणत.
आणि आइस्क्रीमवाला तांबुरीनी
दुकानाची पायरी चढू देत नसे.
चाळीस साली इथल्या पोलिसांनी सगळेच इटालियन उचलले:
ब्रेस्सान तारेच्या कुंपणात राहिला,
तांबुरीनीचा भाऊ बोटीवर चढवला गेला.
बोट बुडाली.
यादी कुणी केली, तांबुरीनी विचारायचा,
कोन भरता भरता, गिऱ्हाइकांना.
घरभेद्या. इकडचाही, तिकडचाही.

"आमच्या भाषेत भूतकाळ दोन," तो शिकवायचा.
"जवळचा, ज्याची कळ अजून येते.
आणि दूरचा, राजांचा, थडग्यांवरचा, मिटलेला.
माझ्या गावाकडे दूरचा कुणी बोलतच नाही.
आजोबा गेले तेही आत्ताच. पूर आला तोही आत्ताच."
हे मी आईला सांगितलं.
हेरिंगचं पोट फाडता फाडता ती म्हणाली,
"मग झोपतो कधी तो माणूस?"

वार्षिक परीक्षेत चौथा प्रश्न:
'मी सही करतो.' दूरच्या भूतकाळात लिहा.
युनियनच्या फर्गसनं लिहिलं, अचूक.
मला रूप येत होतं. तरी मी जवळचाच काळ लिहिला.
ब्रेस्साननं लाल रेघ मारली, पूर्ण गुण कापला.
व्याकरणात तो कुणाची दया घेत नसे.

त्याला पुरलं तेव्हा आम्ही चौघं होतो, आणि पाद्री.
फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, तांबुरीनी.
पांढरा एप्रन तसाच.
त्यानं टोपी काढली नाही.
माती लोटून होईपर्यंत
गेलाही नाही.