लेखनिक

मार्चमधली सकाळ. रावपुऱ्यातल्या आमच्या शाळेची
संगीताची खोली. आम्ही दोघं,
दाराशी खुर्ची टाकून देसाईबेन,
आणि हिरव्या कापडाखाली झोपलेली पेटी.
तो दहावीत, मी नववीत.
नियमच तसा: लेखनिक खालच्या यत्तेतला हवा,
म्हणजे परीक्षार्थ्यापेक्षा कमी कळणारा.
ती अट मी सहज पुरी करत होते.

अंबरीष शिर्के.
आडनाव नीट बघ, तो म्हणायचा,
वेलांटी ऐकू येते नंतर, काढायची आधी.
रफार बोलायचा आधी,
आणि बसवायचा पुढच्याच्या डोक्यावर.
मी उलटसुलट लिहितो म्हणून पट्ट्या खाल्ल्या.
लिपीला कुणी मारलं का?

दुकानांवरची गुजराती अक्षरं तर त्याच्यापासून पळायचीच.
डोक्यावर रेघ नाही, धरायचं कशाला?
मराठी निदान दोरीवर वाळत घातलेली.
पण वारा सुटला
की तीही.

सातवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.
धडा एकदा ऐकला की त्याला पाठ,
पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायचा,
एकदा पुस्तक उलटं होतं.
वर्ग हसला. तोही हसला, सगळ्यांत मोठ्यानं.
हुशारीनं अडचण झाकली, अडचणीनं हुशारी,
आणि वरून दिसत राहिला
एक बेताचा मुलगा.
प्रगतिपुस्तकात शेरा: आळशी. लक्ष दिल्यास सुधारेल.

ओळखलं ते परमारभाईंनी,
प्रयोगशाळेच्या शिपायानं.
सांडलेलं पाणी लादीवरून कुठे वळतं ते बघून
हा त्यांना म्हणाला होता,
विश्वामित्री आत आली तर आधी तिसरं कपाट भिजेल.
ऑगस्टात आली.
तिसरंच भिजलं.
परमारभाई चिखलाच्या पायांनी हेडमास्तरांकडे गेले:
आ छोकरो ठोठ नथी, साहेब.

मग त्याची आई. इस्पितळ, चाचण्या, झेरॉक्स,
पुन्हा इस्पितळ.
फॉर्मवर खूण करायला चौकट एकच होती,
ती म्हणाली, माझ्या मुलाला दोन लागतील.
कारकुनानं पेन खाली ठेवलं,
जेवणाची सुट्टी झाली.
ती सुट्टी संपेपर्यंत तिथेच बसली.
शेवटी मिळालं काय, तर तासाला वीस मिनिटं जादा,
आणि मी.

भूमितीचा पेपर.
छेदणाऱ्या दोन वर्तुळांची सामाईक जीवा
केंद्रं जोडणाऱ्या रेषेनं दुभागली जाते, सिद्ध करा.
हे मला येत होतं! ताईची गाईडं वाचायचे मी.
आधी बाबाबा, मग बाकोबा, अकरा ओळी.
तो डोळे मिटून म्हणाला, लिही.
कागद दोन्ही केंद्रांमधून दुमडा.
प्रत्येक वर्तुळ स्वतःवरच पडेल.
म्हणून छेदबिंदू एकमेकांवर पडतील.
झालं.

झालं?
झालं.

माझ्या पेनाच्या टोकाशी अकरा ओळी उभ्या होत्या,
आणि देसाईबेन खिडकीबाहेर बघत होत्या.
आपल्या मनाचं घालायचं नाही, गाळायचंही नाही.
मी त्याचं लिहिलं, तीन ओळी,
पोटात खड्डा पडला तरी.

त्या प्रश्नाला किती गुण पडले, मला विचारू नका.
तपासणाऱ्यानं कागद दुमडून बघितला की नाही
कोण जाणे.
मी पुढच्या वर्षी बघितला,
अभ्यास सोडून, रात्री, स्वयंपाकघरात,
आणि दिव्यासमोर धरला.
दोन वर्तुळं होती, चार कडा होत्या,
दिसत होत्या दोनच.

त्या दिवशी मात्र नुसती भूक लागली होती.
बाहेर सेव-उसळीच्या गाडीवर त्यानं
पाटीकडे न बघताच दोन प्लेट सांगितल्या.
तिखट जास्त, म्हणाला, हिच्या हाताला ताकद हवी,
अजून तीन पेपर आहेत.

आणि हो, त्याआधी सही.
तेवढी त्याची त्यानंच करायची असते.
जीभ दातांत धरून, सावकाश,
वेलांटी शेवटी काढली, म्हणून ती शेवटीच बसली,
रफार पहिल्या अक्षरावर.
देसाईबेननी माझ्याकडे पाहिलं.
मी पेनाचं टोपण लावलं.
दुरुस्त करायचं नाही,
नियमच होता तसा.